पोक्त वय आणि विद्यार्थीसेवा

विद्यार्थ्यांमध्यें सेवा करावयाची तर ती तरुणांनींच करावी, अशी एक समजूत आपल्या मंडळ्यांत व शाळांत रूढ होऊन बसली आहे. कोणी पंचविशीचा उत्साही गृहस्थ असला, त्यास पेटी वाजवितां येत असली, व मुलांबरोबर फुटबॉल खेळण्याची त्याची तयारी असली, म्हणजे विद्यार्थ्यांचा वर्ग त्याच्या स्वाधीन करावयाचा. आणि तोच गृहस्थ चाळिशी ओलांडून, चष्मा लावून, दम खात जिना चढूं लागला, म्हणजे त्यास मानानें इमारतफंडाच्या वह्यांकडे वळवावयाचें, असा प्रघात आहे. आम्हांस हा प्रघात मान्य नाहीं. विद्यार्थीसेवेचा खरा हंगाम चाळिशीनंतरच सुरू होतो, व तिच्यांतील आनंदहि त्याच वयांत अधिक कळतो, असें आमचें मत आहे.

या मताच्या पुष्ट्यर्थ उदाहरण शोधावयास कोल्हापूर सोडून जावयास नको. रॉबर्ट पार्मली वाइल्डर यांचा जन्म १८६३ सालीं याच शहरीं झाला. त्यांचे वडील रॉयल गोल्ड वाइल्डर यांनीं १८५२ सालीं येथें अमेरिकन मिशनच्या कामाचा पाया घातला. मुलगा पुढें अमेरिकेंत प्रिन्स्टन येथें शिकला. १८८६ च्या उन्हाळ्यांत मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील मौंट हर्मन या ठिकाणीं प्रसिद्ध उपदेशक मूडी यांनीं निरनिराळ्या कॉलेजांतील सुमारें २५० विद्यार्थी एकत्र जमविले होते. त्यांत रॉबर्ट होते. त्यांचें तेविसावें वर्ष अजून पुरें व्हावयाचें होतें. संमेलन संपतां संपतां १०० विद्यार्थ्यांनीं परदेशीं मिशनकार्यास जाण्याची तयारी दर्शविली. पुढील वर्षीं वाइल्डर व त्यांचे सोबती जॉन फोर्मन हे कॉलेजांमागून कॉलेजें फिरले, आणि २,००० हून अधिक तरुण-तरुणींनीं आपलीं नांवें दिलीं. यांतूनच १८८८ सालीं स्टूडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट ही चळवळ रीतसर स्थापन झाली.

व्याख्यानांतून वाइल्डर यांचें चरित्र बहुधा येथेंच थांबतें. तेवीस वर्षांचा तरुण, शंभर सह्या, टाळ्या, आणि वक्ते खालीं बसतात! आम्हांस त्यापुढील चाळीस वर्षांविषयीं बोलावयाचें आहे. १८९२ च्या अखेरीस ते हिंदुस्थानांत परत आले, व कलकत्ता, पुणें इत्यादि ठिकाणीं विद्यार्थ्यांत काम करूं लागले. परंतु प्रकृतीनें दगा दिला, आणि १९०२ च्या सुमारास हा देश त्यांस सोडावा लागला. ज्या कामासाठीं हजारों लोकांचीं नांवें घेतलीं, तें काम ऐन चाळिशीच्या उंबरठ्यावर आपल्याच हातून सुटावें, यासारखी खंत कोणती? पत्नीच्या माहेरीं, नॉर्वे देशांत, ते बरे झाले. आणि १९०५ पासून दहा-अकरा वर्षें ब्रिटन व युरोप येथील विद्यापीठांत विद्यार्थ्यांमध्येंच वावरत राहिले. १९१९ सालीं, वयाच्या छपन्नाव्या वर्षीं, आपणच तरुणपणीं उभारलेल्या चळवळीचे ते मुख्य चिटणीस झाले.

तो काळ मोठा चमत्कारिक होता. पहिलें महायुद्ध नुकतेंच संपलें होतें. १९१९ च्या अखेरीस डे मॉइन येथें भरलेल्या विराट संमेलनांत, व्यासपीठावरील वडील मंडळी जुनींच भाषणें करीत आहेत, युद्ध, वर्णभेद, मजुरांचे प्रश्न यांविषयीं कांहींच बोलत नाहींत, अशी विद्यार्थ्यांनीं उघड तक्रार केली. पुढील वर्षांत नांवें देणारांची संख्या घटत गेली. वाइल्डर १९२७ पर्यंत त्या जागेवर होते. नंतर १९३३ पर्यंत त्यांनीं कैरो येथें राहून मिशनांच्या सहकार्याचें काम केलें, व १९३८ सालीं नॉर्वेंत त्यांचा अंत झाला. वाणी जसा खातें मांडतो तसें मांडलें, तर तरुणपणीं जमा आणि उतारवयांत नावें असाच ताळेबंद निघेल. आम्हांस मात्र त्या नावें पडलेल्या वर्षांविषयींच अधिक आदर वाटतो. सही मिळविण्यास आवेश लागतो, आणि आवेशाची तरुणांपाशीं वाण नसते. ज्यानें सही केली नाहीं, अगर करून मागें घेतली, त्याच्या शेजारीं बसून त्याचें म्हणणें शेवटपर्यंत ऐकावयास जो धीर लागतो तो वयानेंच येतो.

आतां आपल्या गांवाकडे वळूं. आजरा, चंदगड, भुदरगड, गगनबावडा या बाजूंनीं शिकावयास आलेला मुलगा कोल्हापुरांत खोली घेऊन राहतो. घरून एस. टी. नें भाकरीचा डबा येतो. रात्रीं बोलावयास पंधरा मित्र असतात, आणि हल्लीं मोबाईलमुळें पन्नास असतात. सोबत्यांची त्यास ददात नाहीं. उणीव असते ती एका वडील माणसाची, कीं जो त्याचा बापहि नाहीं आणि परीक्षकहि नाहीं. नापास झाल्याची गोष्ट बापाजवळ काढवत नाहीं, कारण बापानें फीसाठीं म्हैस विकलेली असते. मास्तरांजवळ काढवत नाहीं, कारण गुण त्यांच्याच हातीं. मित्राजवळ काढावी तर तो बिचारा त्याच पाण्यांत गटांगळ्या खात असतो. पंचविशीचा कार्यकर्ता कळकळीचा खरा, पण त्याची स्वतःची नोकरी, लग्न, नांवलौकिक हीं सर्व अजून टांगलेलीं असतात. दुसऱ्याचें अपयश पाहून तो मनांतून दचकतो, व घाईघाईनें उपाय सांगूं लागतो. पन्नाशीच्या मनुष्यानें नापास होणें पाहिलेलें असतें, कर्ज पाहिलेलें असतें, घरांतील एखादें मरणहि पाहिलेलें असतें. तो दचकत नाहीं. मुलास निम्मा आधार तेवढ्यानेंच मिळतो.

आणि या मनुष्यास स्वतःस काय मिळतें? या वयांत कचेरींतील बढतीचा प्रश्न बहुतेक निकालांत निघालेला असतो. आपलीं मुलें पुण्यास, मुंबईस किंवा त्याहून दूर गेलेलीं असतात. प्रार्थनेंतले शब्दसुद्धां गुळगुळीत झालेले असतात. ओठांवरून घसरतात, आणि म्हणणाऱ्याचें लक्ष भाजीच्या पिशवीकडे असतें. अशा वेळीं एखादा अठरा वर्षांचा मुलगा समोर बसून सरळ विचारतो, “काका, तुम्हांला हें खरेंच वाटतें का?” वीस वर्षें पाठ म्हटलेलें उत्तर तेथें उपयोगी पडत नाहीं. तें पुन्हां पहिल्यापासून शोधावें लागतें, आणि शोधतां शोधतां आपला विश्वास अजून जिवंत आहे असें त्या मनुष्यास आढळून येतें. ज्यांस या आनंदाचा अनुभव आला आहे, ते इमारतफंडाकडे सहसा परत जात नाहींत. (इमारतफंडाचें काम कोणी तरी केलें पाहिजे, हें आम्ही विसरलों नाहीं.)

ही गोष्ट एका धर्माच्या मंडळीपुरतीच आहे असेंहि नाहीं. वसतिगृहांची परंपरा या शहरास राजर्षि शाहू छत्रपतींनीं १९०१ पासून लावून दिली. तिच्यांतीलच जैन बोर्डिंगांत कुंभोजचा एक मुलगा राहत असे. तेच पुढें कर्मवीर भाऊराव पाटील झाले. त्यांनीं शिकवण्या केल्या, कारखान्यांचा माल विकण्याच्या नोकऱ्या केल्या, आणि १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याचें वसतिगृह त्यांनीं १९२४ सालीं सुरू केलें तेव्हां ते सदतीस वर्षांचे होते. सर्व जातींचीं मुलें तेथें एका पंक्तीस जेवत. मुलांच्या पोटासाठीं लक्ष्मीबाईंनीं आपले दागिने, अखेर मंगळसूत्रहि दिलें. लोक शाळांची संख्या सांगतात. आमच्या मतें त्या संस्थेचें मूळ त्या पंक्तींत आहे. भाऊरावांस मुलें अण्णा म्हणत, आणि १९५९ सालीं मरण येईपर्यंत ते त्या मुलांतच राहिले.

पोक्त मनुष्याच्या हातून हें काम बिघडतें तेंहि ठराविक रीतींनीं. कोणी तरुण दिसावयाचा यत्न करितो, मुलांची भाषा बोलूं पाहतो, आणि मुलें खोलीबाहेर जाऊन हंसतात. कोणी “आमच्या वेळीं” या दोन शब्दांनीं प्रत्येक वाक्य सुरू करितो. सर्वांत मोठा दोष मात्र याहून निराळा, व त्याविषयीं मिशनशाळेच्या अंकांत स्पष्ट लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. आपल्या शाळांत सर्व धर्मांचीं मुलें येतात. परक्या गांवीं एकटें पडलेल्या मुलास जेवावयास बोलवावें, आणि वाटीबरोबर उपदेशहि वाढावा, उद्देश हा कीं रविवारच्या सभेंत एक डोकें वाढावें, हें आम्ही सेवा समजत नाहीं. त्याच्या आईबापांनीं तें मूल आपल्या भरंवशावर पाठविलें आहे. त्यानें विचारलें तर आपला विश्वास मोकळेपणीं सांगावा. न विचारील तर त्यास पोटभर जेवूं घालावें, आणि पुढच्या रविवारींहि तितक्याच आनंदानें बोलवावें.

विद्यार्थिमित्रांनीं यावरून आपलें काम कांहींच नाहीं असें समजूं नये. वडील माणसें सावकाश बोलतात व तीच गोष्ट दोनदां सांगतात, तेवढें सोसावें. मनांत असलेला प्रश्न भीड न धरितां विचारावा.

पालकवर्गास आमची एक सूचना आहे. जून महिन्यांत शाळा-कॉलेजें उघडतात, आणि मध्यवर्ती बसस्थानकावर बोचकीं व ट्रंका घेतलेलीं मुलें उतरूं लागतात. ज्यांचीं घरें कोल्हापुरांत आहेत, व ज्यांचीं मुलें मोठीं होऊन बाहेर पडलीं आहेत, अशा कुटुंबांनीं जवळच्या वसतिगृहाच्या अधीक्षकांस भेटावें, आणि त्यांच्या अनुमतीनें एका विद्यार्थ्याचें नांव मागून घ्यावें. एकच घ्यावें, पांच घेऊन दिवाळीपर्यंत दोन विसरण्यापेक्षां तें बरें. मुलींच्या वसतिगृहाकडे घरांतील बाईमाणसांनीं जावें. पंधरा दिवसांतून एक रविवार ठरवावा, व तो मोडूं नये. पावसाळ्यांत पंचगंगेस पूर आला म्हणजे मुलगा गांवीं अडकेल, तेव्हां तेवढी सूट द्यावी. जेवण घरच्यासारखें साधें असावें. पांढरा रस्सा करण्याचा मोह अनावर झालाच, तर पाहुणा शाकाहारी आहे कीं काय, एवढें अगोदर विचारून घ्यावें.