एफएमचा विस्तार आणि भिलाईचा आवाज

देशातील २३४ नव्या शहरांमध्ये खासगी एफएम रेडिओच्या ७३० वाहिन्यांसाठी ई-लिलाव करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता दिली. यामुळे मातृभाषेतील स्थानिक कार्यक्रमांना चालना मिळेल, अशी अपेक्षा त्या वेळी व्यक्त झाली. मात्र केंद्रांची संख्या वाढल्याने स्थानिक आवाज वाढतोच असे नाही. छत्तीसगडमधील भिलाईचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे.

सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. कामानिमित्त आलेली तेलुगू, मल्याळी, बंगाली, ओडिया आणि मराठी कुटुंबे येथे स्थायिक झाली. या शहराला ‘मिनी भारत’ म्हटले जाते ते यामुळेच. रेडिओसाठी मात्र भिलाईकरांची भिस्त प्रामुख्याने सुमारे ३० किलोमीटरवरील रायपूरवर राहिली. आकाशवाणीच्या रायपूर केंद्राने छत्तीसगढी लोकसंगीताला हक्काचे स्थान दिले. एफएम परवान्यांच्या दुसऱ्या टप्प्यात तेथे मिर्ची, माय एफएम यांसारखी खासगी केंद्रे आली आणि हिंदी चित्रपटगीते, निवेदकांच्या गप्पा व श्रोत्यांचे दूरध्वनी हा साचा रूढ झाला.

या एकसुरीपणाचे मूळ अर्थकारणात आहे. पहिल्या टप्प्यातील ठरावीक आणि दरवर्षी वाढणारे परवाना शुल्क अनेक कंपन्यांना पेलवले नाही. २००५ च्या धोरणाने त्याऐवजी उत्पन्नाच्या चार टक्के वाटा घेण्याची पद्धत आणली. केंद्रे तगली, परंतु उत्पन्न जाहिरातींवरच अवलंबून राहिल्याने सर्वांना चालणारी गाणी हाच सुरक्षित मार्ग ठरला. २०११ च्या धोरणाने एकाच कंपनीच्या केंद्रांना देशभर समान कार्यक्रम प्रसारित करण्याची मुभा दिल्याने खर्च वाचला, तसा स्थानिकतेला धक्काही बसला.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई आहे. आकाशवाणीची बातमीपत्रे कोणताही बदल न करता प्रसारित करता येतात. वाहतूक, हवामान, पाणी, वीज आणि प्रशासनाने दिलेले इशारे सांगता येतात. म्हणजे वीज जाणार हे सांगता येते. ती वारंवार का जाते, याचा शोध घेऊन बातमी देता येत नाही. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी भिलाई कारखान्यातील वायुवाहिनीच्या स्फोटात दहाहून अधिक कर्मचाऱ्यांचा मृत्यू झाला. अशा वेळी कामगार वसाहतीला आपल्या भाषेत, तत्काळ आणि पडताळलेली माहिती हवी असते. खासगी केंद्राला तिथे वार्ताहर पाठवून वृत्त देण्याचा अधिकार नाही.

इतक्या केंद्रांवर देखरेख ठेवणे कठीण आहे आणि त्यातून सुरक्षेचा प्रश्न उद्भवू शकतो, अशी सरकारची भूमिका राहिली आहे. ही चिंता निराधार म्हणता येणार नाही. परंतु खासगी दूरचित्रवाणी आणि वृत्तपत्रांना ही बंदी नाही. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले होते. दूरसंचार नियामक प्राधिकरणानेही सप्टेंबर २०२३ मध्ये दर तासाला दहा मिनिटांपर्यंत बातम्यांना परवानगी देण्याची शिफारस केली.

लिलावातून महसूल मिळेल आणि नव्या शहरांत गाणीही पोहोचतील. परंतु शहराचे सुखदुःख सांगण्याची मुभा मिळाली नाही, तर त्या केंद्रांना स्थानिक म्हणायचे ते केवळ मनोऱ्याच्या पत्त्यावरून.