फळीची कड पाहा, मगच सौदा करा

घर बांधणे किंवा नवा फ्लॅट घेणे हा मध्यमवर्गीय माणसाच्या आयुष्यातील फार मोठा खर्च. पूर्वी कोबा, शहाबादी किंवा मोझाइक लाद्यांवर काम भागत असे. मग मार्बल आले, व्हिट्रिफाइड लाद्या आल्या. आता हॉल आणि बेडरूममध्ये लाकडी फरशी हवी, असा घरच्या मंडळींचा आग्रह असतो. शौक वाईट नाही. परंतु त्या नावाखाली बाजारात काय विकले जाते, याविषयी आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांशी चार गोष्टी स्पष्ट बोलणे आम्हाला जरुरीचे वाटते.

‘वुडन फ्लोअरिंग’ या एकाच नावाने आज निरनिराळा माल विकला जातो. लॅमिनेटमध्ये लाकडाच्या भुशासारख्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड असतो आणि त्यावर लाकडाचे चित्र छापलेला कागद असतो. व्हिनाइल म्हणजे प्लास्टिक, त्यावरही चित्रच. ज्याला इंजिनिअर्ड वुड म्हणतात, त्यात मात्र वरचा थर ओक, साग वगैरे खऱ्या लाकडाचा असतो आणि खाली प्लायवूड किंवा दाबलेला बोर्ड असतो. पॉलिश केल्यावर वरून पाहणाऱ्याला फरक कळत नाही. दरात मात्र मोठा फरक असतो.

आम्ही कापडाचे व्यापारी आहोत. सुती म्हणून पॉलिएस्टर गळ्यात मारण्याचा प्रकार आमच्या बाजाराला नवा नाही. शंका आली की आम्ही ताक्यातला एक धागा ओढून जाळतो. सुताची कागदासारखी राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. फरशीच्या बाबतीत हेच काम फळीची कड करते. दुकानदाराला फळीचा कापलेला तुकडा मागा आणि आडवा धरून पाहा. वरच्या थरातील लाकडाच्या रेषा कडेतही उतरलेल्या दिसल्या, तर लाकूड खरे. वर केवळ कागदाची बारीक रेघ दिसली, तर ते चित्र आहे.

लॅमिनेट वाईट, असे आमचे म्हणणे नाही. टेरिकॉटही टिकाऊ कापड आहे. वाईट आहे ते खोटे नाव आणि त्या नावावर घेतलेला दर.

इंजिनिअर्ड फळीची खुबी विणकर बांधवांना चटकन समजेल. लाकूड ओल पिऊन फुगते ते मुख्यतः रुंदीत, लांबीत फारच थोडे. म्हणून पावसाळ्यात रुंद अखंड फळी वाकते आणि उन्हाळ्यात तिच्यात फटी पडतात. प्लायवूडमध्ये एका थराच्या रेषा उभ्या, तर दुसऱ्याच्या आडव्या, जणू ताणा-बाणाच. एक थर दुसऱ्याला आवरून धरतो. आपल्याकडे मुंबई-कोकणच्या दमट हवेत अखंड लाकडापेक्षा ही फळी सरळ राहते, ती याच कारणाने.

तरीही घेण्यापूर्वी काही गोष्टी विचारल्याच पाहिजेत. पहिली, वरचा थर किती मिलिमीटरचा? काही मालात तो अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा असतो. चरे पडले तर त्याला घासून पुन्हा पॉलिश करता येत नाही. ३-४ मिलिमीटरचा असेल तर एक-दोन वेळा घासता येतो, म्हणजे फरशीचे आयुष्य वाढते. एकूण जाडी १४ मिलिमीटर आहे, एवढ्यावर खूश होऊ नका. पैसा वरच्या थराचा आहे. दुसरी, खाली प्लायवूड आहे की दाबलेला बोर्ड? बोर्डात पाणी शिरून तो फुगला, की पुन्हा पहिल्यासारखा बसत नाही.

तिसरी गोष्ट जागेची. जिथे पाणी वापरतो तिथे लाकूड नको. आपल्या घरांत पाच वेळा वुजू होतो, ओले पाय घेऊन माणसे जानमाजकडे जातात. म्हणून वुजूची जागा, मोरी आणि स्वयंपाकघर इथे लादीच ठेवावी. कोकणातील तळमजल्याचे घर असेल आणि जमिनीतून ओल येत असेल, तर हा विचारच सोडावा. ज्यांचे बजेट तंग आहे त्यांनी मोरबीची चांगली लादी घालावी. शेजाऱ्याच्या देखाव्यासाठी व्याजाचे कर्ज काढून लाकूड अंथरण्यात कसली बरकत?

आता आमच्या सुतार बांधवांविषयी. फरशी फुगली की दुकानदार म्हणतो, फिटिंग चुकले. मालक म्हणतो, मिस्त्रीने बिघडवली. आणि मजुरीची बाकी अडकते ती गरीब कारागिराची. यावर उपाय म्हणजे काम नियमाने करणे आणि ते लिहून ठेवणे. नवीन कोब्यावर घाई करू नये. प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून जमिनीवर २४ तास ठेवावा. खाली पाण्याचे थेंब जमले किंवा जमीन काळपट झाली, तर काम थांबवावे. फळ्यांचे बॉक्स दोन-तीन दिवस त्याच खोलीत राहू द्यावेत. भिंतीलगत ८ ते १० मिलिमीटरची फट सोडावी. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते आणि लाकडाला फुगायला जागा मिळते. एवढे करून, तारीख घालून, मालकाची सही घ्यावी. रंधा आणि पॉलिशचा हात ज्यांच्या घराण्यात आहे, त्या आमच्या पोरांनी हे काम पद्धतशीर शिकले, तर दुकानदाराच्या मेहरबानीवर राहण्याची गरज पडणार नाही.

विकणाऱ्या बांधवांना एकच सांगणे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मालाच्या दर्जाबद्दल किंवा घटकांबद्दल खोटे सांगणे आणि बिल न देणे, या दोन्ही गोष्टी अनुचित ठरविल्या आहेत. पण आपल्यासाठी कायदा त्याच्या फार पूर्वीचा आहे. ऐब लपवून विकलेला माल परत करण्याचा हक्क आपल्या फिकहने गिऱ्हाईकाला दिलेला आहे. इमाम अबू हनीफा (रह.) स्वतः कूफा शहरात कापडाचे व्यापारी होते. चरित्रकार सांगतात की, एका कपड्यातील दोष गिऱ्हाईकाला दाखवून मगच विका, असे त्यांनी आपल्या भागीदाराला बजावले होते. भागीदार सांगायला विसरला आणि माल विकला गेला. इमामसाहेबांनी त्या सौद्याची सारी रक्कम सदका करून टाकली.

म्हणून बिलावर ‘वुडन फ्लोअरिंग’ असे मोघम लिहू नका. लॅमिनेट असेल तर लॅमिनेट लिहा. इंजिनिअर्ड असेल तर वरचा थर कोणत्या लाकडाचा आणि किती मिलिमीटरचा, हेही लिहा. घेणाऱ्यानेही असे लिहून घेतल्याशिवाय बयाणा देऊ नये. नफा थोडा कमी होईल, पण गिऱ्हाईक पुन्हा त्याच दुकानात येईल आणि कारागिराची मजुरी बुडणार नाही. अल्लाह आपल्या तिजारतीत सचोटी आणि बरकत देवो.