पाणी हटतं तिथं

फेब्रुवारी लागला की आमच्याकडच्या पेपरात धरणांची चौकट येऊ लागते. माजलगाव इतके टक्के, मांजरा इतके, बिंदुसरा इतके. तापाचा कागद वाचावा तशी ती घरोघरी वाचली जाते. आकडा टक्का-दोन टक्क्यांनी उतरला की चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणतंच, यंदा टँकर लवकर लागणार. २०१६चा एप्रिल कुणी विसरलेलं नाही. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, माजलगावही मृतसाठ्यात गेलं होतं.

मी ती चौकट वाचतो आणि दुर्बीण पुसायला घेतो. ऐकायला निर्लज्जपणाचं वाटेल, पण बीड जिल्ह्यात पाखरं बघायची तर पाणी उतरायची वाट बघावी लागते. दिवाळीत तलाव काठोकाठ भरलेला असतो, बाभळी कमरेपर्यंत पाण्यात उभ्या असतात, आणि तेव्हा तिथं पाखरं कमीच. खोल पाण्यात बुड्या मारणारे पाणकावळे आणि टिबुकल्या तेवढ्या सुखात. बाकीच्यांना पाण्यापेक्षा पाण्याची कड हवी असते. माघात पाणी खाली सरकायला लागतं, मागं ओला गाळ उरतो. त्या गाळात किडे, अळ्या, शंख-शिंपले, कुजलेल्या गवताचं बी. सगळ्यात आधी तुतवार येतात, शेपटी हलवत कडेकडेनं धावतात. शेकाट्या आपल्या लांब गुलाबी पायांवर आणखी चार पावलं आत जाऊन उभा राहतो. त्याच्या पलीकडं, गुडघाभर पाण्यात, थापट्या बदक चपटी चोच पाण्याला लावून गाळणीसारखं पाणी गाळत फिरतं. तलवार बदक शेपूट वर करून उलटं होतं आणि तळाचं बी काढतं. एकाच्या ताटात दुसऱ्याचा हात जात नाही, कारण प्रत्येकाच्या पायाची आणि चोचीची लांबी वेगळी. पाणी रोज वीतभर हटतं आणि रोज नवी पंगत बसते.

सोलापूर-धुळे महामार्गावरून बीडला येताना पालीजवळ बिंदुसरा प्रकल्प रस्त्याला लागूनच आहे. तिथं गाडी बाजूला घेतली तर यातलं बरंचसं भरावावरून दिसतं. ट्रकचे हॉर्न चालू असतात, बदकांना त्यांचं काही नाही. माणूस पायी खाली उतरला की मात्र सगळा थवा उठतो. जाणाऱ्यानं हे एवढं लक्षात ठेवावं, बाकी ज्ञान पुस्तकात आहे.

बीड जिल्ह्यातलं उभं पाणी जवळपास सगळं माणसानं अडवलेलं आहे. १९३१ मध्ये सालिम अलींनी निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी सुरू केली. बीड तेव्हा त्याच संस्थानात. त्या काळी बिंदुसरा प्रकल्प नव्हता, सिंदफणेवर माजलगावचं धरण नव्हतं, मांजरेवर धनेगावचं नव्हतं. खजाना विहीर होती, कंकालेश्वराचं कुंड होतं, गोदावरीचे डोह होते. इतक्या बदकांनी तेव्हा उतरायचं तरी कुठं? आज ज्यांना आपण हिवाळी पाहुणे म्हणतो, त्यातल्या कित्येकांचा इथला मुक्काम धरणांएवढाच, म्हणजे आमच्या वयाचा असणार.

लहान तलावांची कथा तर आणखी वेगळी. १९७२च्या दुष्काळात आमच्या आत्याच्या पिढीनं खडी फोडली, मातीची घमेली उचलली, भराव टाकले. खायला सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो. त्या कामांतून गावोगाव पाझर तलाव झाले. मुकादमानं मापं घेतली, हजेरी मांडली, त्यात बदकाचा विचार कुणाच्या डोक्यात असण्याचं कारण नव्हतं. पाणी जमिनीत मुरावं, खालच्या विहिरींना यावं, एवढीच अपेक्षा. आणि आता फेब्रुवारीत त्याच पाझर तलावात लडाख-तिबेटकडचे चक्रवाक जोडीनं बसलेले दिसतात. भुवई बदक त्याहून लांबचं, थेट सायबेरियाकडचं. मला कुणी विचारलं की बीडमध्ये पक्ष्यांसाठी काय आहे, तर मी दुष्काळी कामं सांगतो. लोक हसतात.

लोक खरं तर नायगावचं विचारतात. पाटोदा तालुक्यातलं नायगाव मयूर अभयारण्य १९९४चं, सुमारे तीस चौरस किलोमीटरचं, बालाघाटाच्या डोंगरात. मोर आहेत, जरूर जावं. पण अभयारण्याची पाटी बघितल्याशिवाय वन्यजीव दिसत नाहीत, अशी आपली समजूत झाली आहे आणि ती बीडला लागू पडत नाही. जगाला तर बीडचं वन्यजीवन एकदाच दिसलं, डिसेंबर २०२१ मध्ये, माजलगाव तालुक्यातल्या लऊळच्या माकडांनी कुत्र्यांची पिल्लं उचलून नेली तेव्हा. परदेशी वाहिन्यांनी मेलेल्या कुत्र्यांचा आकडा असा काही फुगवला की लऊळकरही चाट पडले असतील. त्याच महिन्यात त्याच तालुक्यातल्या जलाशयावर काय काय उतरलं होतं, हे विचारायला कुणी आलं नाही.

गाळात फक्त पाखरंच येत नाहीत. पाणी हटलं की माणूसही मागोमाग उतरतो. त्या शेतीला गाळपेर म्हणतात. धरणात ज्यांची जमीन गेली त्यांना ती भाडेपट्ट्यानं मिळण्याचा पहिला हक्क. हरभरा, चाऱ्याची मका, कलिंगड, काकडी. पाण्याच्या कडेला मोटारी, त्यांचे काळे पाइप, पाइपाच्या फुटक्या जोडातून उडणारं पाणी, आणि त्या पाण्यात धोबी. मार्चमध्ये या पिवळ्या धोब्याकडं नीट बघा. डिसेंबरात तो मळकट, ओळखायलाही अवघड असतो. निघायच्या आधी पिसं बदलतो आणि हळदीत बुडवून काढल्यासारखा होतो. पाणटिवळ्याच्या मानेवर विटकरी रंग चढतो. आमच्याकडं वसंत झाडांच्या आधी पाहुण्यांच्या अंगावर येतो, आणि आला की पाहुणे निघून जातात.

एकदा अशाच गाळपेरीच्या बांधावर मी दुर्बीण लावून बसलो होतो. हरभरा राखणारे एक मामा काठी टेकत आले.

"काय बघायलाव सर?"

"बदकं बघतोय, मामा."

"खायला का?"

"नाही हो. बघायची."

"नुसती बघायची?" त्यांनी माझ्याकडं नीट पाहून घेतलं. "मग हितं काय बसलाव? त्या खालच्या अंगाला जावा. रातच्याला समदी माझ्या हरभऱ्यात आस्त्यात, सकाळी तिकडं जाऊन झोपत्यात."

मामांचं निरीक्षण पक्कं होतं. बरीच बदकं रात्री चरतात आणि दिवसा पाण्यावर विसावा घेतात. नाथसागरासारख्या मोठ्या जलाशयांवर येणारे पट्टकादंब तर हिमालय ओलांडताना सात हजार मीटरच्या उंचीपर्यंत गेल्याची नोंद आहे, आणि इथं आल्यावर तेही रात्री कोवळ्या पिकात उतरतात. शेतकऱ्याला त्यांच्या उंचीचं कौतुक करून दाखवायला जाऊ नये.

पाण्यापासून वर आलं की ज्वारी. मालदांडीची कणसं जानेवारीत दुधात येतात, हुरड्याची आवतणं सुरू होतात, आणि भोरड्याही येतात. गुलाबी अंग, काळं डोकं, डोक्यावर मागं सारलेला तुरा. एकेकटी बघितली तर देखणी मैना. पण भोरडी एकेकटी येतच नाही. आभाळात धुरासारखा लोट वळतो, आवळतो, पसरतो आणि सगळाच्या सगळा एका शेतात कोसळतो. माळ्यावर उभी असलेली बाई गोफण फिरवते, डबा वाजवते, शिव्या देते. लोट उठतो, शेजारच्या शेतात बसतो. मग तिथला डबा वाजतो. भर हंगामात संध्याकाळपर्यंत शिवारात हीच देवाणघेवाण.

भोरडीच्या बाजूनं बोलायला या गावात कुणी तयार होणार नाही, म्हणून मी बोलतो. ती दाणा खाते तशी नाकतोडे आणि अळ्याही खाते. फाल्गुनात पळस, पांगरा आणि काटेसावर फुलली की ती मधासाठी त्या झाडांवर जाते, तोंड परागानं माखून घेते आणि एका झाडाचा पराग दुसऱ्यावर नेते. एप्रिलपर्यंत ती मध्य आशियाकडं निघते. तिथं टोळ माजतात त्या प्रदेशात तिची वीण होते, पिल्लं टोळांवर वाढतात. चीनच्या शिनजियांग प्रांतात तर ती यावी म्हणून दगडांचे ढीग रचून घरटी बांधायला जागा करून देतात, म्हणजे टोळांवर औषध मारायचा खर्च वाचतो. आमची शिव्या खाणारी पाहुणी तिकडं मानाची आहे. हे मी एका काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तिकडंच ऱ्हावं की बाराबी महिने."

काकूंचा राग आता फार वर्षं टिकणार नाही असं दिसतं, कारण ज्वारीच कमी होत चालली आहे. ती काढायला माणसं मिळत नाहीत, अर्धं गाव उसाला गेलेलं असतं. गुडघ्यावर बसून ज्वारी उपटणं हे काम नव्या सुनांना सांगायची सासवांची हिंमत नाही. पाणी असेल तिथं ऊस, नसेल तिथं खरिपाचं सोयाबीन काढून रान मोकळं. ज्वारीसोबत कडबा जातो, कडब्याच्या बुचाडाखालचे उंदीर जातात, उंदरांवर टपलेली कापशी घार जाते. ही साखळी पुस्तकातली नव्हे. विजेच्या तारेवर बसलेल्या कापश्या लहानपणी शाळेच्या वाटेवर दिसायच्या, त्याच वाटेवर आता दोन्हीकडं ऊस उभा आहे.

माळाचं सांगायचं तर दोन वाक्यांत सांगता येत नाही आणि जास्त बोलवत नाही. गेवराई, शिरूर, आष्टीकडच्या माळांवर काळवीट आहेत, खोकड आहेत, क्वचित लांडगाही. हिवाळ्यात भोवत्या येतात, गवतावरून वीतभर उंचीवर तरंगत नाकतोडे शोधतात आणि रात्री त्याच गवतात जमिनीवर झोपतात. धाविक आणि माळटिटवी मार्चपासून उघड्या खड्यांत अंडी घालतात, म्हणून त्या दिवसांत माळावर पाय जपून टाकावा. टिटवीनं उंचावर अंडी घातली तर पाऊस चांगला, सखलात घातली तर ओढ, असं जाणती माणसं अजून सांगतात. टिटवीला हवामान कळतं का, हे मला ठरवायचं नाही. पण त्या निमित्तानं कुणीतरी अंडी शोधायला जातं आणि सापडल्यावर तिथून नांगर वळवून घेतं, हे मी पाहिलं आहे. सरकारी कागदात हा सगळा माळ पडीक. पडीक म्हटलं की पवनचक्की तिथं, सौर पट्ट्या तिथं, तारा तिथूनच.

पुन्हा पाण्याकडं येतो, कारण यंदाची माझी काळजी तिथली आहे. गावोगाव शेततळी झाली, चांगलं झालं. पण बहुतेक तळ्यांना प्लास्टिकचा कागद, कडा उभ्या आणि गुळगुळीत. तिथं ना गाळ, ना उथळ पाणी. तुतवाराला टेकायला जागा नाही आणि तहानेनं आत उतरलेल्या कोल्ह्याला, सशाला, हरणाच्या पाडसाला वर येता येत नाही. एका कोपऱ्यात जुनी जाळी किंवा काथ्याची दोरी सोडली तरी जनावर वाचतं. खर्च शून्य, दोरी घरात पडलेलीच असते.

दुसरं गाळाचं. २०१७पासून सरकारची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आहे. तलावातला गाळ काढायचा, तो शेतात टाकायचा. शेतकऱ्याचं रान सुधारतं, तलावात पाणी जास्त मावतं, मी तिच्या विरोधात नाही. ज्यानं टँकरच्या रांगेत घागर लावली आहे त्यानं विरोधात असू नये. फक्त जेसीबी तलावात उतरतो तो कडेपासूनच खणत जातो, कारण डंपरला ते सोयीचं. मग उताराचा काठ जाऊन उभा खड्डा होतो. पुढच्या माघात पाणी हटेल, पण सरळ खाली हटेल. गाळाची ओली पट्टी उरणारच नाही, पंगत बसणार कुठं?

म्हणून परवा आमच्याकडच्या तलावावर काम चालू झालं तेव्हा मी जाऊन उभा राहिलो. कडेचा एक अंग, वरच्या नाल्याकडचा, तेवढा सोडा, मधलं हवं तितकं खोल करा, असं म्हणालो. सरपंचांनी ऐकून घेतलं, वरच्या नाल्याकडं तसाही मुरूमच जास्त आहे म्हणाले. जेसीबीचा ड्रायव्हर परगावचा, तरुण. त्यानं मशीन बंद केली, काच खाली घेतली आणि विचारलं, "सोडतो की सर. पण तेवढे तास कमी भरतील, ते कुणाच्या नावावर टाकायचे? बदकांच्या?"