पर्यावरण वाचवा, पण आपापल्या राज्यात

टाटांची पेट्रोलवरची नेक्सॉन घेतली तर तिचं इंजिन ११९९ सीसीचं. सक्तीच्या थर्ड पार्टी विम्याचा हप्ता वर्षाला ३,४१६ रुपये. तीच नेक्सॉन विजेवरची घेतली तर मोटर किमान ९५ किलोवॉटची आणि हप्ता ६,७१२ रुपये. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या सरकारी तक्त्यातलेच हे आकडे आहेत. वर अठरा टक्के जीएसटी. आणि याच तक्त्यासोबत आपल्याला अभिमानाने सांगण्यात आलं, की पर्यावरणाच्या काळजीपोटी विजेच्या गाड्यांना हप्त्यात १५ टक्के सवलत दिली आहे.

सवलत दिलेली आहे, खोटं नाही. फक्त ती ७,८९७ रुपयांवर दिलेली आहे. पेट्रोलच्या गाड्यांचे गट सीसीवर, विजेच्या गाड्यांचे किलोवॉटवर. ६५ किलोवॉटच्या वरची प्रत्येक गाडी १५०० सीसीच्या वरच्या पेट्रोल गाडीच्या पंगतीला बसवली, तिथला दर धरला आणि त्यावर १५ टक्के कमी केले. म्हणजे हप्ते भरून घेतलेली माझ्यासारखीची गाडी फॉर्च्युनरच्या रांगेत उभी, आणि शेजाऱ्याची तेवढ्याच लांबीरुंदीची पेट्रोल गाडी निम्म्या पैशांत सुटलेली. विजेची गाडी जड असते, पिकअप जोरदार असतो, समोरच्याला जास्त इजा करू शकते, असं कोणाचं म्हणणं असेल तर ते मी ऐकून घेईन. मग तसं लिहा आणि जास्त पैसे घ्या. दुप्पट घ्यायचं आणि पावतीवर सवलत छापायची, हे कुठल्या दुकानदाराने केलं असतं तर आपण त्याला ग्राहक मंचात खेचलं असतं.

मी मूळची नांदेडची. नोकरीपायी हैदराबादला, नल्लकुंट्यात भाड्याने राहते. माझ्या गाडीला हिरवी पाटी आहे आणि पाटीवर एमएच २६ आहे. माझे आजोबा नांदेडहून उस्मानिया विद्यापीठात शिकायला आले, तेव्हा ते परराज्यात आलेच नव्हते. एकाच हैदराबाद संस्थानातल्या एका गावाहून दुसऱ्या गावाला आले होते. १९५६ च्या १ नोव्हेंबरला मराठवाडा त्या राज्यातून निघाला. नात मात्र देगलूर-संगारेड्डीच्या रस्त्याने पावणेतीनशे किलोमीटर आली आणि गाडीच्या दृष्टीने परदेशी ठरली. आजही या शहरात मराठी शाळा, मराठी साहित्य परिषद, गणपती, हळदीकुंकू सगळं आहे. उपरी आहे ती फक्त गाडी.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचं कलम ४७ म्हणतं, की दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नवा नंबर घ्या. त्यासाठी कलम ४८ प्रमाणे मूळ आरटीओची एनओसी आणा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमती आणा. नियम असण्याला माझा विरोध नाही. अमेरिकेत गेलेले आपले भाचे-पुतणेही कॅलिफोर्नियात राहायला गेले की वीस दिवसांत गाडीची नोंदणी बदलतात. टेक्सासात तर १ सप्टेंबर २०२३ पासून विजेच्या गाडीकडून वर्षाला २०० डॉलर जादा घेतात, कारण ती पेट्रोलवरचा कर बुडवते. मला ते धोरण पटत नाही, पण ते तोंडावर सांगून घेतात.

आपल्याकडे तोंडावर फक्त माफी सांगतात. महाराष्ट्राने विजेच्या गाडीला मोटार वाहन कर माफ केला. तेलंगणाने आधी २०२०च्या धोरणात ठरावीक संख्येपुरता आणि मग नोव्हेंबर २०२४ मध्ये संख्येची अट काढून ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत रोड टॅक्स आणि नोंदणी शुल्क माफ केलं. दोन्ही राज्यं पुण्यवान! पण २०२०च्या धोरणातली माफी वाचा: ती तेलंगणात विकत घेतलेल्या आणि तेलंगणातच नोंदलेल्या गाडीला. नांदेडच्या शोरूममधून निघालेली गाडी हैदराबादची हवा कमी शुद्ध करते काय? उघडच आहे, माफी हवेसाठी नसून इथल्या विक्रीच्या आकड्यासाठी आहे. केंद्राने २ ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेने बॅटरीवरच्या गाड्यांना नव्या नंबराची फी माफ केली, तेवढी एक गोष्ट राज्याची सीमा ओलांडते. खेटे कोणी माफ केलेले नाहीत.

‘मग बीएच नंबर का नाही घेतला?’ हा प्रश्न मला हमखास विचारला जातो, आणि विचारणारा सहसा केंद्र सरकारी नोकर असतो. बीएच म्हणजे भारत मालिका सप्टेंबर २०२१ पासून आली, बदलीवाल्यांसाठीच आली. संरक्षण दलं, केंद्र आणि राज्य सरकारी नोकर, सार्वजनिक उपक्रम, आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी यांना ती मिळते. माझ्या कंपनीची कार्यालयं दोन राज्यांत आहेत. आणखी गंमत अशी, की या मालिकेच्या नियमात विजेच्या गाडीचा करही ठरवून दिलेला आहे: पेट्रोलपेक्षा दोन टक्के कमी, म्हणजे दहा ते वीस लाखांच्या गाडीला आठ टक्के दराने, दोन-दोन वर्षांच्या हिशेबाने. घरी बसणाऱ्याला शून्य आणि फिरणाऱ्याला आठ!

आता विम्याकडे परत. नंबर बदलला की पॉलिसीवर तो चढवून घ्यावा लागतो, नाहीतर क्लेमच्या वेळी सर्व्हेअरला शोधून काढायला एक कारण आयतं मिळतं. ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, हप्त्यासाठी देशाचे दोन विभाग आहेत. मुंबई, पुणे, हैदराबाद यांसह आठ महानगरं ‘अ’ मध्ये, नांदेडसकट बाकी सगळा देश ‘ब’ मध्ये. ‘अ’ चा दर जास्त. ठीक आहे, इथली गर्दी पाहता तेही मान्य.

मान्य नाही ती बॅटरीची ओळ. मोटार विम्याच्या मूळ तक्त्यात, दुरुस्तीच्या वेळी कुठल्या भागावर किती घसारा कापायचा ते लिहिलंय. काचेवर काही नाही. रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर-ट्यूब, एअरबॅग आणि बॅटरी यांवर ५० टक्के. ही ओळ लिहिली गेली तेव्हा बॅटरी म्हणजे बॉनेटखालचा तो काळा डबा होता, दोन-चार वर्षांनी बदलायचा. माझ्या गाडीत बॅटरी म्हणजे गाडीच्या किमतीचा सर्वांत मोठा तुकडा. तो डबा आणि हा तुकडा एकाच ओळीत, टायर-ट्यूबच्या शेजारी. यातून सुटायचं तर घसारा न कापणारं ‘झिरो डेप’ कवच घ्या, वर बॅटरीचं वेगळं कवच घ्या, प्रत्येकाचे वेगळे पैसे. गाडी पाच वर्षांची झाली की झिरो डेप द्यायला बहुतेक कंपन्या कांकू करतात. उत्पादकाची बॅटरीची आठ वर्षांची वॉरंटी असते खरी, पण ती अपघाताला आणि पुराला लागू नाही.

आणि नल्लकुंट्यात पूर हा काल्पनिक धोका नाही. हुसेनसागरचं जादा पाणी वाहून नेणारा नाला अशोकनगर, बागलिंगमपल्लीकडून इथून पुढे गोलनाक्याकडे आणि मुसीत जातो. जुनी बैठी घरं पाडून झालेल्या अपार्टमेंटांत गाड्या खाली, सेलरमध्ये. ऑक्टोबर २०२० चा पाऊस ज्यांनी इथे पाहिला ते अजूनही ढग आले की गाडी चढावर नेऊन लावतात. मी नूतनीकरणाच्या वेळी एजंटला विचारलं, पाणी शिरून बॅटरी गेली तर मूळ पॉलिसीत मिळेल का? तो म्हणाला, ‘‘कैकू परेशान होते मॅडम, पानी आएगा तो गाडी नक्को निकालो.’’ इतका प्रामाणिक सल्ला मला कुठल्याच पॉलिसीच्या कागदात मिळाला नाही. उभ्या गाडीत पाणी शिरलं तर भरपाई, पण नंतर चालू केल्यामुळे बिघाड वाढला तर तो ‘परिणामी नुकसान’ म्हणून तुमच्या माथी.

चार्जिंगचं थोडक्यात सांगते. घरच्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करायला ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांची मुभा आहे. घर मात्र ओनरचं असतं. सेलरमध्ये सॉकेट बसवायचं म्हटलं की आगीची गोष्ट निघते, आणि ती काढणाऱ्यांच्या स्कूटरी त्याच सेलरमध्ये पेट्रोलने भरून उभ्या असतात.

मला कोणाची मेहेरबानी नको. विमा नियामकाने आणि रस्ते वाहतूक मंत्रालयाने ६५ किलोवॉटच्या वर आणखी एक पायरी करावी, म्हणजे मध्यमवर्गाची गाडी आलिशान गाड्यांतून बाहेर पडेल. गाडी चालवणारी बॅटरी घसाऱ्याच्या त्या ओळीतून काढावी. एका राज्याने करमाफी दिलेली विजेची गाडी दुसऱ्या राज्याने तशीच मानावी. आणि हे होईपर्यंत, फिरतीची नोकरी असलेल्यांनो, शोरूममध्ये सवलतीचा फलक दिसला की तीन गोष्टी विचारल्याशिवाय सही करू नका: मोटर किती किलोवॉटची, बॅटरीवर घसारा किती, आणि राज्य बदललं तर ही सवलत कोणाची.