लिंबाची साल आणि घरची पंगत

लिंबू पिळावें व साल फेकून द्यावी, हा आपल्या घरांतील जुना परिपाठ आहे. त्यांत आपण काय गमावतों, हें आम्हांस एका विलायती पेयाची परीक्षा करतांना कळून आलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

'साइडकार' नांवाचें हें पेय १९२२ सालच्या इंग्रजी पुस्तकांत छापलेलें आढळतें. ब्रांडीचे दोन भाग, संत्र्याच्या सालीचें गोड मद्य एक भाग व लिंबाचा रस एक भाग, हें त्याचें आज रूढ असलेलें प्रमाण. कित्येक जण संत्र्याच्या मद्याऐवजीं दक्षिण इटलींतील 'लिमोन्चेलो' घालतात. जाड सालीच्या लिंबांची वरची पिवळी साल कडक मद्यार्कांत कित्येक दिवस भिजवावी, तो अर्क गाळून त्यांत साखरेचा पाक मिसळावा, म्हणजे लिमोन्चेलो होतें. त्यांत लिंबाचा रस मुळींच नसतो, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

रस आंबट खरा. परंतु लिंबाचा सुवास सालींतील तेलांत असतो. तें तेल पाण्यांत विरघळत नाहीं, मद्यार्कांत विरघळतें. म्हणून आपल्या सरबतांत आंबटपणा उतरतो आणि सुवास उकिरड्यावर जातो. पण तेल ओढून घेण्यास मद्यार्कच पाहिजे असें नाहीं. सालीवर चोळलेली साखरही तें काम करते. राहिला ब्रांडीचा तिखटपणा. त्याची सोय भावमिश्रांनीं सोळाव्या शतकांतच 'भावप्रकाशां'त करून ठेविली आहे. त्यांच्या निंबूकपानकांत लिंबाचा रस एक भाग, साखरपाणी सहा भाग आणि वर लवंग व मिरीं आहेत. आपला 'पन्हें' हा शब्द याच 'पानक' शब्दापासून निघाला.

या दोहोंची सांगड घालून आम्हीं ठरविलेली कृति अशी. आठ-दहा ताजीं कागदी लिंबें धुऊन पुसावीं. त्यांपैकीं चारांची वरची रंगीत साल पातळ काढावी. आंतील पांढरा भाग कडू असतो, तो येऊं देऊं नये. साल दोन वाट्या साखरेंत हातानें चांगली चुरडून चार तास झांकून ठेवावी. साखर ओलसर व सुवासिक झाली म्हणजे पांच वाट्या पाणी घालून ती विरघळवावी. हें मिळून सुमारें सहा वाट्या होतें. चार लवंगा व आठ मिरीं भरड कुटून घालावीं व अर्ध्या तासानें फडक्यांतून गाळून घ्यावें. शेवटीं वाटीभर रस मिसळावा. तो शिजवूं नये. भांडें कांचेचें वा चिनी मातीचें असावें, कारण कल्हई गेलेल्या पितळेंत आंबट पदार्थ कळकतो.

हा सगळा खटाटोप कशासाठीं? आमच्या बोदवडाकडे वैशाखांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि त्याच दिवसांत मुंबई-पुण्यास व परदेशीं राहणारीं मुलें घरीं येतात. अलीकडे त्यांचे पेले गच्चीवर व वडिलांचा चहा ओटीवर, अशा एका घराच्या दोन पंगती होऊं लागल्या आहेत. वर्षांतून चार दिवस भेटावयाचें आणि तेहि असें! मद्य घ्यावें कीं न घ्यावें हें प्रौढ माणसानें स्वतः ठरवावें. महाराष्ट्रांत त्यास १९४९ च्या कायद्याप्रमाणें परवाना लागतो, एवढेंच आम्ही सांगतों. परंतु केवळ निषेध केल्यानें कोणी जवळ येत नाहीं. आजीबाईंपासून शाळकरी नातवंडांपर्यंत सर्वांस चालेल आणि साइडकार चाखलेल्या जिभेसही फिकें वाटणार नाहीं, असें कांहीं घरांत तयार असावें. मधुमेह असलेल्यांनीं मात्र घोटभरावरच समाधान मानावें.