मणक्याच्या ऑपरेशनला योजना आहे, व्यायामाला मात्र खिशातले पैसे. बांदा परिसरातील कंबरदुखीच्या रुग्णांची कोंडी

बांदा : "मणक्यातली गादी सरकली," एवढं एक वाक्य ऐकलं की घरातला कमावता माणूस अर्धा खचतो. पुढे प्रश्न एकच उरतो, ऑपरेशन करायचं की नाही? खरं तर बहुतेक रुग्णांच्या बाबतीत हा प्रश्न पहिला नसून शेवटचा असतो. ऑपरेशनच्या आधी करण्यासारखं बरंच काही असतं आणि त्यातून बहुतेकांना आराम पडतो. पण आपल्याकडची सोय उलटी आहे. ऑपरेशनसाठी सरकारी योजना आहे, आधीच्या उपचारांसाठी मात्र रुग्णाला स्वतःचा खिसा आणि स्वतःचा रोजगार मोजावा लागतो.

बांदा, इन्सुली, शेर्ले, मडुरा, डिंगणे या पट्ट्यातली कामंच कंबरेवर येणारी. जून-जुलैत तरवा काढणं आणि लावणी, दिवसभर वाकून. चिरेखाणीत जड चिरे उचलणं. काजू कारखान्यात तासन्‌तास एकाच बैठकीत बसणं. त्यात गोव्यात कामाला जाणारी तरुण पोरं. पत्रादेवी ओलांडून पेडणे, मोपा, म्हापसा असा रोजचा दुचाकीचा प्रवास, वर खड्ड्यांचे आणि गतिरोधकांचे हिसके.

गादी खरोखर सरकते का?

दोन मणक्यांच्या मध्ये चकती असते. बाहेरून चिवट कडं, आत मऊ गर. वयाने, कामाने किंवा आनुवंशिकतेने कड्याला चिरा पडतात, चकती फुगते, कधी आतला गर बाहेर येतो. तो शेजारच्या नसेला लागला की कळ कंबरेतून कुल्ल्यात, तिथून पोटरीपर्यंत उतरते. म्हणजे गादी उशीसारखी जागची घसरत नाही. त्यामुळे ती दाबून किंवा ओढून "जागेवर बसवतो" असं कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

एमआरआयच्या कागदावरचे शब्द वाचूनही अनेकजण घाबरतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात कंबर अजिबात दुखत नसलेल्या माणसांचे अहवाल एकत्र तपासले गेले. त्यात वयाच्या पन्नाशीत सुमारे ८० टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या आढळल्या आणि ६० टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या. विशीतल्या माणसांतही ३७ टक्क्यांच्या चकत्यांत झीज होती. हे बरेचसे केस पिकण्यासारखं आहे. म्हणून नुसत्या फिल्मवर ऑपरेशन ठरत नाही. दुखणं कुठे आहे, पायात ताकद किती आहे, हे डॉक्टरने हात लावून तपासावं लागतं.

आणखी एक दिलासा आहे. बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा जवळपास दोन तृतीयांश रुग्णांत तो ऑपरेशनशिवाय कमी झालेला दिसला. नेदरलँड्समध्ये २००७ साली पायात कळ येणाऱ्या २८३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत लवकर ऑपरेशन केलेल्यांना आराम लवकर पडला, पण वर्षभराने दोन्ही गटांची स्थिती सारखीच होती. थांबलेल्यांपैकी सुमारे ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन करावं लागलं, हेही तितकंच खरं. म्हणजे ऑपरेशन वाईट नाही. ते कोणाला आणि कधी, हा मुद्दा आहे.

कशाने फरक पडतो, कशाने नाही

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीच्या बिनऑपरेशन उपचारांवर मार्गदर्शक सूचना काढल्या. विशिष्ट आजार किंवा दबलेली नस हे कारण नसलेल्या दुखण्यासाठी त्या आहेत. नस दबली असेल तर डॉक्टरांचा वेगळा सल्ला लागतो. तरी दिशा स्पष्ट आहे.

व्यायाम आणि दुखण्याची नीट माहिती, हे सगळ्यात वर. ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर झालेली एक चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने हळूहळू चालणं वाढवणाऱ्यांना कंबरदुखी पुन्हा उलटायला साधारण २०८ दिवस लागले, काहीच न करणाऱ्यांना ११२. लक्ष्य होतं आठवड्यातून पाच वेळा अर्धा तास चालण्याचं, तेही सहा महिन्यांत गाठायचं. याला मशीन लागत नाही. बांद्यातला माणूस तेरेखोलच्या काठाने सकाळी एवढं चालू शकतो.

झोपून राहणं नुकसानीचं. कळ जोराची असेल तर एक-दोन दिवस विश्रांती ठीक. त्यापुढे अंथरूण धरलं की स्नायू ढिले पडतात आणि दुखणं लांबतं.

गोळ्या तात्पुरत्या. सूज कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या थोडे दिवस, जेवणानंतर आणि डॉक्टरला विचारून घ्याव्यात. मेडिकलमधून महिनोन्‌महिने घेतल्या तर पोटात अल्सर होतो, किडनीवर ताण येतो, बीपी वाढतं. "जडीबुटी" म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत काही वेळा स्टेरॉईड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत चमत्कार वाटतो, पुढे साखर वाढते आणि हाडं ठिसूळ होतात.

कंबरपट्टा आणि वजन लावून ओढणं, म्हणजे ट्रॅक्शन, याची नेहमीच्या उपचारात शिफारस नाही, असं याच सूचना सांगतात. मसाज आणि तज्ज्ञ हाताने केलेले मणक्याचे उपचार काहींना उपयोगी पडतात. पण उसण भरली म्हणून कोणाकडूनही पाठीवर पाय देऊन घेणं धोक्याचं.

मणक्यातलं स्टेरॉईडचं इंजेक्शन पायातली कळ काही आठवडे कमी करू शकतं. ते झीज भरून काढत नाही.

आयुर्वेदाकडे जाणारेही खूप आहेत. बांद्यापासून जवळच, पेडणे तालुक्यातल्या धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचं रुग्णालय ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झालं. कटिबस्ती, स्नेहन, स्वेदन यांनी स्नायू सैल होतात, बरं वाटतं, असं रुग्ण सांगतात. मात्र यावर मोठ्या चाचण्या कमी आहेत. घ्यायचे तर शिकलेल्या वैद्याकडून घ्यावेत आणि व्यायाम सोडू नये.

मोबाईलवर "लेझरने गादी बरी", "एका बैठकीत मणका मोकळा" अशा जाहिराती सतत दिसतात. खर्च किती, किती रुग्णांना किती काळ फरक पडला आणि हे लेखी द्याल का, हे तीन प्रश्न विचारले की बऱ्याच गोष्टी उघड होतात.

मग अडतं कुठे?

अडतं ते पैशावर आणि अंतरावर. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. २०२३ मध्ये राज्य सरकारने ते सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय घेतला. मणक्याच्या शस्त्रक्रियाही यात येतात. पण या योजना मुख्यतः दाखल होणाऱ्या रुग्णांसाठी आहेत. येऊन व्यायाम शिकून घरी जाणारा रुग्ण त्यात बसत नाही.

१५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. बांद्यात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. डॉक्टर, परिचारिका, आशा ताई आहेत. पण प्राथमिक केंद्राच्या नेहमीच्या मंजूर पदांत फिजिओथेरपिस्ट नसतो. म्हणजे मोफत सेवा कागदावर आहे, ती देणारा हात गावात नाही.

मग सावंतवाडी गाठा, नाहीतर ओरोस, नाहीतर बांबोळी. ओरोसला २०२१-२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, तरी बांद्याच्या माणसाची सवय गोव्याची. त्या सवयीलाही धक्का बसला होता. २०१८ च्या सुरुवातीला गोवा मेडिकल कॉलेजमध्ये परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लागू झालं आणि दोडामार्गात लोक रस्त्यावर उतरले. शेजारच्या राज्याच्या दवाखान्यावर किती विसंबायचं, हा धडा तेव्हाच मिळाला.

रोजंदारीवरच्या माणसाचा हिशेब साधा आहे. व्यायाम नीट शिकायचा तर सहा-आठ वेळा जावं लागतं. आठ फेऱ्या म्हणजे आठ खाडे, वर गाडीभाडं आणि खासगीत असेल तर फी. त्यापेक्षा गोळी खाऊन कामावर जाणं स्वस्त वाटतं. दुखणं वाढत जातं आणि शेवटी मोठं ऑपरेशन योजनेत "फुकट" होतं. आठ खाडे वाचवायला गेलेला माणूस ऑपरेशननंतर काही आठवडे घरी बसतो. सरकारचाही खर्च वाढतो.

उपाय अवघड नाही. आठवड्यातून एक ठरलेला दिवस, शक्यतो बांद्याच्या आठवडा बाजाराचा, आरोग्य केंद्रात फिजिओथेरपिस्ट बसला तरी मोठा फरक पडेल. लोक त्या दिवशी असेही गावात येतात, वेगळा खाडा होत नाही. ओरोसच्या महाविद्यालयाने आशा ताईंना चार-पाच मूळ व्यायाम आणि धोक्याची लक्षणं शिकवली तर वाडीवाडीत पाठपुरावा होईल. ग्रामसभेत ठराव करून ही मागणी जिल्हा परिषदेकडे नेता येते. रस्ता आणि गटाराइतकीच ही मागणी रास्त आहे.

इथे थांबू नका

काही लक्षणांत मात्र व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायला हवं. लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, दोन्ही पायांतली ताकद जाणं. पाऊल उचलत नसेल, चप्पल पायातून निसटत असेल तरीही तातडीने दाखवावं. यात ऑपरेशनला उशीर झाला तर पाय कायमचा अधू होऊ शकतो. अशा वेळी १०८ ला फोन करावा.

पडल्यानंतर सुरू झालेलं जोराचं दुखणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, रात्रीचा ताप आणि वजन घटणं, ही लक्षणंही तपासून घ्यावीत. आपल्याकडे मणक्याचा टीबी होतो आणि तो औषधांनी बरा होतो. लावणीच्या दिवसांत ताप, अंगदुखी आणि पोटऱ्या दुखत असतील तर लेप्टो असू शकतो. जानेवारी ते मे या काळात रानात जाऊन आल्यावर ताप आणि कंबरदुखी आली तर माकडतापाची शंका घ्यावी. २०१७ मध्ये बांदा परिसराने तो अनुभवला आहे. अशा तापाला "कंबर भरली" म्हणून तेल चोळत बसणं महागात पडतं.

बाकीच्यांसाठी क्रम सोपा. आधी डॉक्टरची तपासणी, मग सहा ते बारा आठवडे नेटाने चालणं आणि व्यायाम, सोबत कामाची पद्धत बदलणं. ओझं अंगाजवळ धरून गुडघ्यात वाकून उचलावं, लावणीत दर अर्ध्या तासाने उभं राहून कंबर सरळ करावी. एवढं करूनही पायातली कळ हटली नाही तर ऑपरेशनचा विचार करावा, आणि तेव्हाही दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं. योजनेचं कार्ड कोणत्या रुग्णालयात चालतं, हे मात्र गाडीत बसण्याआधीच विचारून घ्यावं.