पाणी कुठवर आहे?

निसर्गचित्रापुढे उभे राहिले की आपल्यातले बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, "हे कुठले?" ठिकाण कळले की समाधान होते आणि पावले पुढच्या चित्राकडे वळतात. माझ्या मते खरी गंमत त्यानंतरच्या प्रश्नात आहे : इथे आत्ता काय चालले आहे? पुलाच्या चित्राला तर हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पूल म्हटला की दोन काठ आले, आणि काठ आले की जाणे-येणे, भेट-ताटातूट सारेच आले.

हिरोशिगे या जपानी चित्रकाराने 1857 साली आजच्या टोकियोतील एका लाकडी पुलावर अवचित कोसळलेली सर चितारली. माणसांचे चेहरे जवळजवळ दिसतच नाहीत. पण वाकलेल्या पाठी सगळी घाई सांगतात. 1887 साली व्हॅन गॉगने पॅरिसमध्ये त्याची तैलरंगात नक्कल केली. पूल तोच, पाऊस तोच. पण रंग गडद झाले आणि त्या सरीला एक निराळाच उत्साह चढला!

गेल्या उन्हाळ्यात महाबळेश्वरी एका होतकरू चित्रकाराकडे आम्ही एक जलरंगातले चित्र पाहिले. सांगलीचा आयर्विन पूल, खाली संथ कृष्णा, वर पिवळसर आकाश. "किती शांत वाटतं नाही?" आमच्या सौ. म्हणाल्या. दिवाणखान्यातली जागासुद्धा त्यांनी मनात ठरवून टाकली.

बरोबर सांगलीच्या आत्या होत्या. त्यांनी आकाशाकडे पाहिलेच नाही. चष्मा सावरून त्या पुलाच्या खांबांकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "पाणी कुठवर आहे रे?"

सांगलीकरांना महापूर या पुलावरच्या फुटांत कळतो. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्याही वर गेले. आत्यांचे तळघर नव्हे, आख्खा तळमजला बुडाला. नेसत्या लुगड्यानिशी त्या नावेत बसल्या. आणि ही कृष्णा उगम पावते ती इथेच, क्षेत्र महाबळेश्वरी!

मग मलाही दिसले : खांबांवर पाण्याच्या बऱ्याच वर मातकट रंगाचा एक पट्टा होता. चित्रकाराने शांतता रंगवली होती खरी, पण ती पूर ओसरल्यानंतरची.

सौ. हळूच म्हणाल्या, "राहू द्या हे चित्र. आत्यांना त्रास होईल."

"त्रास कसला?" आत्या म्हणाल्या. "घे तू. पण तुमच्याकडे नको, माझ्याकडे लावू. पाणी उतरलेलं आहे ना यात!"

चित्र आता सांगलीला आत्यांच्या ओटीवर आहे. भिंतीला नवा रंग दिला आहे. येणारा-जाणारा विचारतो, "आयर्विन का हो?" आत्या त्याला आधी तो पट्टा दाखवतात, मग खालचे पाणी, आणि मग चहा टाकायला आत जातात.